पहिले आलेले चार असताना १७२.५, दोन असताना १७७: कॉलेजचा चमू चॅम्पियन होतो तो नेमका कुठं?

कुस्तीवेडा_महाल

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या लागोपाठच्या दोन मोसमांनी डोक्यात घर केलं आहे. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचे चार मल्ल आपापल्या वजनगटात पहिले आले: लेवाय हेन्स, कार्टर स्टारोची, एरन ब्रूक्स आणि ग्रेग कर्कव्लीट. संघाचे गुण झाले १७२.५ आणि आयोवा विद्यापीठाचा १९९७ पासूनचा १७० गुणांचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात पहिले आले दोघंच, १६५ पौंडांत मिचेल मेसेनब्रिंक आणि १८४ पौंडांत स्टारोची. स्टारोचीचं ते पाचवं विजेतेपद. पाच वेळा तिथं आधी कुणीच जिंकलं नव्हतं, म्हणून मोसम संपल्यावर सगळी चर्चा त्याचीच झाली. पण त्या वर्षी संघाचे गुण झाले १७७! पहिले येणारे निम्मे झाले आणि विक्रम आणखी वर गेला. त्या वर्षी त्यांच्या दहाच्या दहा पोरांनी पहिल्या आठात जागा घेतली होती. कॉलेजच्या चमूनं यापेक्षा सुंदर मोसम कधी खेळला असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे मात्र उलटं होऊन राहिलं आहे. बातमीत सुवर्णपदकं मोजतात, फलकावर सुवर्णवाल्यांचे फोटो लागतात, आणि फिरता चषक दुसरंच कॉलेज घेऊन जातं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया अशा चार जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. त्यातल्या एका चमूसाठी विचारतो आहे: १३ पोरं, अर्धी मातीवर तयार झालेली, मॅट आठवड्यातून तीनच दिवस मिळते, हाताशी १२ आठवडे.

पेन स्टेटचं हे गणित बसतं कसं, ते आपल्या स्पर्धेला किती लागू पडतं, आणि १२ आठवडे कशावर घालवले तर चषक हाती लागेल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

गुणलेखक_रविनगर

भाऊ, आधी त्यांचा गुणतक्ता समोर घ्या. तिथं वजनगटात पहिला आला की १६ गुण, मग १२, १०, ९, ७, ६, ४ आणि आठव्याला ३. शिवाय मुख्य फेरीतून पुढं सरकलं की प्रत्येक विजयाला १ गुण, आणि हरल्यानंतरच्या फेऱ्यांतून पुढं सरकलं की अर्धा. त्यावर बोनस: चीतपट केली तर २, तांत्रिक गुणाधिक्यावर (गुणांचा फरक इतका मोठा की कुस्ती तिथंच थांबवतात) जिंकलं तर १.५, आठ किंवा जास्त गुणांच्या फरकानं जिंकलं तर १.

आता दोन पोरं मांडा. पहिला सगळ्या कुस्त्या जिंकून विजेता झाला: १६ अधिक चार फेऱ्यांचे ४, एकूण २०. दुसरा उपांत्य फेरीत हरला आणि तिसरा आला: १० अधिक मुख्य फेरीचे ३ अधिक हरलेल्यांच्या फेरीचा अर्धा, एकूण १३.५. दोघांत अंतर साडेसहाच. पण तिसरा पोरगा पहिल्याच दिवशी बाहेर गेला तर त्याच्या नावावर शून्य किंवा एखादा गुण. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या पोराला पहिला केला तर संघाला ६.५ मिळतात, आणि शून्यावरच्या पोराला तिसरा केला तर १३.५. दुपटीहून जास्त. दोन विजेते असून १७७ झाले ते यामुळेच.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०२४ चं, टायलर कसाकचं. १४९ पौंडांत पहिलीच कुस्ती हरला. तिथून सलग सात कुस्त्या जिंकून तिसरा आला. पहिल्या सहा विजयांचे अर्धे अर्धे मिळून ३ आणि जागेचे १०, असे बोनस सोडून १३ गुण एका हरलेल्या पोरानं आणले. टाळ्या अंतिम फेरीला पडतात, पण चषकाचा हिशोब बाजूच्या मॅटवर सकाळी नऊला चाललेला असतो. मला त्या मोसमातली ही सातची ओळ चार विजेतेपदांइतकीच मोठी वाटते.

आता आपलं. युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या कुस्तीच्या जागतिक संघटनेच्या तक्त्यात बोनस नाही, फक्त जागेचे गुण: २५, २०, दोन्ही तिसऱ्यांना १५-१५, दोन्ही पाचव्यांना १०-१०, मग ८, ६, ४, २. दोन संघ घ्या.

अ संघ: ३ सुवर्ण, १ कांस्य, बाकी सहा गट रिकामे किंवा लवकर बाद. ७५ अधिक १५, म्हणजे ९०.
ब संघ: १ सुवर्ण, २ रौप्य, ४ कांस्य, २ पाचवे. २५ अधिक ४० अधिक ६० अधिक २०, म्हणजे १४५.

ब संघ ५५ गुणांनी पुढं. पण समजा स्पर्धेत पहिल्या तिघांनाच ५, ३, १ असे गुण ठेवले, तर अ चे १६ आणि ब चे १५. चषक अ कडे! तीच पोरं, त्याच कुस्त्या, तक्ता बदलला की चॅम्पियन बदलला. म्हणून पहिलं काम मॅटवरचं नाहीच. परिपत्रकात गुणतक्ता आहे का ते बघायचं, नसेल तर तांत्रिक सभेत सरांनी उठून विचारायचं आणि लेखी घ्यायचं: किती क्रमांकांना गुण, कांस्य एक की दोन, गुण बरोबरीत आले तर आधी काय मोजणार. वजनगटांची यादीही तेव्हाच ताडून घ्या. वरिष्ठ फ्रीस्टाइलचे दहा गट ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५.

दुसरा फरक फार महत्त्वाचा आहे. कसाकसारखी सात कुस्त्यांची परतीची वाट आपल्याकडे नाही. रेपेचाज, म्हणजे हरलेल्याला कांस्यपदकासाठी दुसरी संधी, फक्त त्यालाच मिळतो जो अंतिम फेरीत गेलेल्या मल्लाकडून हरला. सोळांच्या भाग्यपत्रिकेत (ड्रॉमध्ये) पहिल्याच फेरीत पुढच्या फायनलिस्टकडून हरलेला पोरगा एक कुस्ती जिंकला तर कांस्यपदकाच्या लढतीत जातो. ती हरला तरी पाचवा, १० गुण. जिंकला तर १५.

आणि इथंच सगळ्यात जास्त गुण वाया जातात. सकाळी दहाला हरलेला पोरगा कॉस्च्युम उतरवतो, बाहेर जाऊन तर्री-पोहे खातो, नाही तर सरळ गावची बस धरतो. दुपारी तीनला त्याचं नाव पुकारतात आणि मॅटवर कुणी नाही. दहा-पंधरा गुण बसस्टँडवर गेले. चमूत एक पोरगा असा ठेवा की त्याच्याकडे फक्त भाग्यपत्रिकेची प्रत आणि पेन. कोण कुणाकडून हरला, तो जिंकणारा कुठवर गेला, हे त्यानं प्रत्येक फेरीनंतर लिहायचं आणि हरलेल्यांना सांगायचं: तू थांब, हलका खा, अंग थंड होऊ देऊ नको.

मातीतून_मॅटवर

गुणलेखक सरांनी हिशोब नीट मांडला. मी पोरांच्या अंगातल्या सवयींबद्दल लिहितो, कारण अर्धी पोरं मातीची आहेत म्हणता.

मातीवरच्या पोराची ताकद, मान, पकड मॅटच्या पोरापेक्षा बहुधा चांगली असते. ती ताकद त्याला मॅटवर वापरता येत नाही, याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही १२ आठवड्यांत दुरुस्त होतात.

एक, रिंगणाचं भान. मॅटवर वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, त्यातली कडेची १ मीटरची पट्टी वेगळ्या रंगाची. त्या पट्टीबाहेर पाय पडला की समोरच्याला १ गुण. मातीत मागं सरकणं म्हणजे दम घेणं. पोरगा तीच सवय घेऊन येतो आणि सहा मिनिटांत तीन-चार गुण फुकट देतो. उपाय: मॅट नसेल त्या दिवशी मैदानावर फक्कीनं ९ मीटरचं वर्तुळ आखा. एकाची पाठ कडेला, दुसरा रेटणार, ३० सेकंद. कडेवरच्यानं रेटायचं नाही. गोल फिरून समोरच्याला कडेवर आणायचं. दहा वेळा, मग अदलाबदल. समोरासमोर रेटारेटी केली की जड पोरगाच जिंकतो. पाऊल तिरकं टाकून बाहेरच्या हातानं कोपर ओढलं की हलकाही जिंकतो.

दोन, घड्याळ. फ्रीस्टाइलची कुस्ती तीन-तीन मिनिटांची, मध्ये ३० सेकंद. मातीच्या पोराला हातात हात गुंतवून अंदाज घ्यायची सवय असते. मॅटवर पंच आधी तोंडी ताकीद देतो, नंतर त्याच्यावर ३० सेकंदांचं घड्याळ लावतो, आणि तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण. म्हणून सरावात एकानं घड्याळ धरून ओरडायचंच: ‘तुझे ३० सुरू!’ पहिल्या १० सेकंदांत हात मोकळे करून डोकं खाली ओढणं, पुढच्या १० मध्ये पहिला पट (पाय धरून खाली पाडण्याचा डाव), उरलेल्या १० मध्ये दुसरा. एकदाच पट मारून थांबणं ही मोठी चूक. पहिला पट समोरच्याला हलवण्यासाठी असतो.

तीन, खाली गेल्यावरचा वेग. मातीत खाली धरून ठेवता येतं, सवारी करून दमवता येतं. मॅटवर काही घडत नाही असं दिसलं की पंच लगेच उभं करतो. त्यामुळे पट पूर्ण व्हायच्या आधीच भारंदाजची (कमरेला विळखा घालून पलटी मारण्याच्या डावाची) पकड लागली पाहिजे. पटाचे २, भारंदाजच्या प्रत्येक पलटीचे २. एक पट आणि सलग चार पलट्या म्हणजे १०-०, कुस्ती तिथंच संपली.

जवळून बघायचं तर असं: समोरचा पोटावर आहे. बरगड्यांच्या खाली, कमरेच्या वर हात गुंफायचे, तळहात तळहातावर, बोटं गुंतवायची नाहीत. कान त्याच्या पाठीला घट्ट. आधी त्याला पुढं ढकलून त्याचे कोपर जमिनीवरून सुटवायचे, मग स्वतःचं ढुंगण त्याच्या कमरेखाली घुसवून मानेच्या पुलावर फिरायचं. पोरं चुकतात ती दोन ठिकाणी: पकड बरगड्यांवर जाते, तिथं ती घसरते, आणि फिरताना छातीनं फिरतात, त्यामुळे स्वतःचीच पाठ खाली येते आणि समोरच्याला गुण जातात. रोज दोन्ही बाजूंनी २०-२० पलट्या, जोडीदार आधी अर्ध्या जोरानं विरोध करणारा, चौथ्या आठवड्यापासून पूर्ण. फितलेही (पाय गुंफून मारायची पलटी) याच पद्धतीनं: घोटे आडवे गुंफलेले, पकड छातीला चिकटलेली.

बरोबरीचा नियम पोरांना तोंडपाठ हवा. गुण सारखे असतील तर आधी मोठ्या गुणाचा डाव कुणाचा ते बघतात, मग ताकिदी कुणाच्या कमी, आणि सगळ्यात शेवटी शेवटचा गुण कुणाचा. ४-४ असेल, एकानं ढाक (फेकण्याचा डाव) लावून चार घेतले आणि दुसऱ्यानं दोन पट मारले, तर शेवटचा पट कुणाचाही असो, ढाकवाला जिंकला. २-२ मध्ये एकाचा एक पट आणि दुसऱ्याचे एक-एक करून दोन सुटे गुण असतील तर पटवाला जिंकला. पोरगा मागं असून पुढं आहे असं समजून शेवटचे २० सेकंद काढतो, असं दर स्पर्धेत दिसतं. सरावाच्या शेवटी गुणफलक मांडूनच कुस्ती लावा: ‘२-२, तुझे दोन सुटे, ४० सेकंद बाकी.’ पोरानं आधी मोठ्यानं सांगायचं मी पुढं की मागं, मग शिट्टी.

बारीकसारीक पण लागणारं: लाल आणि निळा दोन्ही कॉस्च्युम प्रत्येकाकडे हवेत. बुटाची लेस टेपनं बंद. अनवाणी सराव केलेल्या पोरांना किमान तीन आठवडे आधी बूट घालायला लावा, नाही तर टाचेला फोड येतात आणि अंगठ्यानं माती धरायची सवय मॅटवर पाय अडकवते.

वजनकाटा

वर दोघांनी लिहिलं त्याच्या आधीची गोष्ट म्हणजे १३ पोरं दहा गटांत बसवणं. अर्धा चषक इथंच ठरतो.

कॉलेजच्या चमूत नेहमी एकाच ठिकाणी गर्दी असते. समजा पाच पोरं ७२ ते ७७ किलोत आहेत, आणि ७९ पासून वर कुणीच नाही. सगळ्यांना ७४ च खेळायचं असतं, कारण ‘वजन तोडून खालच्या गटात गेलो की भारी पडतो’ हा समज पक्का बसलेला. पाचातला एकच ७४ खेळणार, चार बाहेर बसणार. त्याऐवजी ७२ वाला सावकाश ७० ला आणा, ७४ ला त्यातला सगळ्यात चांगला, ७६-७७ चे दोघं आहेत तसे. एक ७९ ला, आणि दुसऱ्याला खाऊपिऊ घालून ८६ ला उतरवा, फक्त त्याचं वजन ७४ च्या वरच राहिलं पाहिजे. वरिष्ठ गटात मल्लाला आपल्या वजनाच्या लगतच्या वरच्या गटात उतरता येतं, त्याहून वर नाही. ७७ चा पोरगा वजनानं ७९ चा, म्हणून त्याला ८६ खुला. ७९ मध्ये दोन किलो कमी असलेला पण पोटभर जेवलेला, झोपलेला पोरगा आणि ७४ मध्ये तीन किलो तोडून आलेला तोच पोरगा, यात पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या कुस्तीत पहिला बरा दिसतो.

ज्याला खाली आणायचंच आहे त्याचा हिशोब: आठवड्याला वजनाच्या १ टक्का. ७६ चा पोरगा ७४ ला आणायचा तर तीन आठवडे पुरे, पण पाच घ्या. अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत वरची मर्यादाच आठवड्याला १.५ टक्का आहे. ती मर्यादा उगाच नाही आली. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथले तीन कॉलेजचे मल्ल वजन तोडताना गेले. त्यानंतर रबरी सूट, सौना, लघवी जास्त व्हायची औषधं यांवर बंदी आली, मोसमाआधी लघवीची तपासणी करून अंगात पाणी पुरेसं आहे हे बघतात (घनता १.०२० पेक्षा जास्त नको), मग चरबी मोजतात आणि ५ टक्क्यांखाली जाईल असं वजन कुणाला देत नाहीत. आज ज्या मोसमांचं आपण कौतुक करून राहिलो, ते या नियमांच्या आतले आहेत.

आपल्याकडे धोका दुहेरी. ऑक्टोबरच्या उन्हात पोरं स्वेटरवर प्लास्टिक चढवून पळतात. अंगाचा घाम सुकतच नाही, आतली उष्णता वाढत जाते. हिवाळ्यात घाम लवकर निघत नाही, म्हणून तोच प्रकार बंद खोलीत करतात. दोन्ही बंद करा. अंगातलं पाणी वजनाच्या २ ते ३ टक्के कमी झालं तरी दम आणि ताकद उतरते. ७४ च्या पोरासाठी ते दोन लिटरच्या आसपास.

काय करायचं: रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, एकाच काट्यावर वजन, वहीत तारखेसह. रात्री झोपताना आणि सकाळी, दोन्ही लिहा. पोरगा झोपेत किती गाळतो (अर्धा ते एक किलो) हे चार आठवड्यांत कळतं आणि मग आदल्या रात्रीची भीती राहत नाही. ताटातून आधी तळण, फरसाण, साखर, बाहेरचं सावजी रस्सा-भाकरीचं जेवण काढा. ज्वारीची भाकरी, वरण, अंडी, दही, मोड आलेले मूग ठेवा. शेवटचे दोन दिवस मीठ आणि चोथा कमी (पालेभाजी, काकडी, अख्खी कडधान्यं बंद, साधा भात आणि मुगाचं वरण चालू) एवढ्यानंच पोट अर्धा-पाऊण किलो हलकं होतं. पाणी तोडायचं नाही.

कॉलेजचा काटा आणि स्पर्धेचा काटा यात फरक असतोच. ज्याचं वजन माहीत आहे अशी २० किलोची प्लेट कॉलेजच्या काट्यावर ठेवून बघा. ती २०.३ दाखवत असेल तर तो काटा काय कामाचा? पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि शेवटच्या क्रमांकावर टाकली गेली. स्पर्धा दोन दिवसांची असेल तर दुसऱ्या दिवशीही वजन द्यावं लागतं, हे पोरांना आधीच सांगा.

वजन दिल्यावर: जितकं वजन पाण्यानं गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, ओआरएसचं पाकीट १ लिटरला एक, अर्ध्या तासात अर्धा लिटर या बेतानं. सोबत केळी, पातळ खिचडी, संत्री. लोटाभर दूध, तूप, बदामाची थंडाई हे कुस्ती झाल्यावर. पहिल्या कुस्तीआधी घेतलं की ते पोटातच बसतं आणि दुसऱ्या तीन मिनिटांत वर येतं.

कुस्तीवेडा_महाल

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. आजच सरांना दाखवतो. अजून दोन शंका. आमचा १२५ चा गट दरवर्षी रिकामा जातो, आणि काही गटांत मिळून चार-पाचच पोरं येतात. तिथं भाग्यपत्रिका नसतेच, सगळ्यांच्या सगळ्यांशी कुस्त्या लावतात. मग तिथला हिशोब कसा?

गुणलेखक_रविनगर

बरोबर. पाच किंवा कमी पोरं असली की नॉर्डिक पद्धत: प्रत्येकाची प्रत्येकाशी. पाच असतील तर दहा कुस्त्या, एकेकाला चार. सहा-सात असतील तर दोन गट पाडतात.

नॉर्डिकमध्ये आधी विजय मोजतात. तिघांचे विजय सारखे झाले तर वर्गीकरणाचे गुण बघतात, आणि इथं कसं जिंकलो याला किंमत येते. चीतपट केली तर ५, तांत्रिक गुणाधिक्यावर ४, साध्या गुणांवर ३. हरणाऱ्यानं कुस्तीत एक जरी गुण घेतला असेल आणि चीतपट झाला नसेल तर त्याला १, एकही नसेल तर ०. म्हणून ८-० नं हरत असलेल्या पोराला शेवटच्या मिनिटात ओरडून सांगा, कडेवर रेटून एक घे. तो एक गुण उद्याच्या बरोबरीत रौप्याचं कांस्य होण्यापासून वाचवतो. आणि ६-० नं पुढं असलेल्याला आरामात वेळ काढू देऊ नका. अजून दोन पलट्या केल्या की ३ चे ४ होतात.

रिकाम्या गटाचं महत्त्व इथं सगळ्यात जास्त. चारच पोरं असतील तर तुमचा चौथा आलेला पोरगाही तक्त्यात बसतो. कुठं कुस्ती न जिंकता गुण मिळतात, कुठं किमान एक विजय लागतो. तोही प्रश्न तांत्रिक सभेत विचारून घ्या.

मातीतून_मॅटवर

१२५ साठी कॉलेजातच शोधा. ९७ किलोच्या वरचा पोरगा हवा: गोळाफेकवाला, कबड्डीतला कोपऱ्याचा पकडवाला, पॉवरलिफ्टिंगचा. १२ आठवड्यांत त्याला कुस्ती येणार नाही, पण चार गोष्टी येतात आणि जड गटात तेवढ्यावर कुस्त्या निघतात, कारण तिथं निकाल बहुधा १-१, २-१, ३-१ असेच लागतात.

पहिले दोन आठवडे फक्त पडायला शिकवा आणि मान तयार करा. हनुवटी छातीला, हात टेकवून पडायचं नाही. जड पोराचं मनगट आणि कोपर यातच जातं. मानेचा पूल लगेच लावू नका, आधी हातानं विरोध देऊन चारी दिशांना मान ढकलायची. तिसऱ्या आठवड्यापासून हात काखेत घालून जागा घेणं, रोज पाच मिनिटं. मग कडेवर रेटणं, त्याचा १ गुण. मग समोरच्यानं पट मारला की पाय मागं फेकून छातीचं वजन त्याच्या पाठीवर टाकणं. शेवटी डोकं खाली ओढून मागं जाणं, त्याचे २. पट मारायला शिकवूच नका; नवखा जड पोरगा पट मारतो, खाली अडकतो आणि १२० किलो अंगावर घेऊन चीत होतो. दमाची तयारी म्हणाल तर धावायला लावू नका, गुडघे जातात. ३० सेकंद रेटणं, ३० सेकंद थांबणं, सहा वेळा. आठव्या आठवड्यापर्यंत बारा वेळा.

वजनकाटा

एक राहिलंच, आणि मोसम यानंच जातो: कातडीचे रोग. दाद (नायटा) एकाला झाली की दहा दिवसांत पाच जणांना. सराव सुरू करण्याआधी मॅट झाडून घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी १०० भाग अशा पाण्यानं पुसा, १० मिनिटं ओली राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून वाळवा. पुसायचं फडकं त्याच दिवशी धुवा, नाही तर ते फडकंच रोग पसरवतं. बूट घालून संडासात जायचं नाही आणि तेच बूट घालून मॅटवर यायचं नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, सराव संपल्यावर तासाभरात साबणानं आंघोळ.

दाद दिसली की मेडिकलमधून मलम आणून लावतात, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत लाली जाते, पोरगा बरा झाला समजून मॅटवर येतो, आणि आतून ती पसरतच राहते. कातडीच्या डॉक्टरांनाच दाखवा. अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत अंगावरच्या दादेला मलमाचे किमान ७२ तास आणि डोक्यातल्या दादेला गोळ्यांचे १४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय मॅटवर घेत नाहीत. स्पर्धेत वजनाच्या वेळी डॉक्टर कातडीही बघतात. त्या तपासणीत बाद झालेल्या पोराच्या जागी दुसरा उतरवता येत नाही. म्हणून स्पर्धेच्या २१ दिवस आधी सगळ्यांची कातडी एकदा उजेडात बघून घ्या: मान, काखा, जांघा, कानामागं, पायाच्या बोटांच्या मध्ये.